पाच डॉलरचे टेबल आणि दर डावाची फी: बसण्यापूर्वी मांडायचा हिशेब

बडोद्याच्या मराठी घरांतून दरवर्षी कितीतरी आईवडील मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत काही महिन्यांसाठी जातात, आणि तेथील फिरण्याच्या यादीत कॅसिनो कुठे ना कुठे येतोच. बहुतेकांना पैसे कमवायचे नसतात. तासभर ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलापाशी बसून गंमत पाहावी आणि ठरवलेल्या रकमेच्या पलीकडे जाऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. अशा वेळी ‘किमान पैज ५ डॉलर’ अशी पाटी दिसली की शेजारच्या १५ किंवा २५ डॉलरच्या टेबलापेक्षा तेच स्वस्त, असा समज सहज होतो. त्या पाटीवर खाली लहान अक्षरांत दर डावाला ५० सेंट किंवा एक डॉलर फी लिहिलेली असेल, तर हा समज बहुधा चुकीचा ठरतो. माझे मत सुरुवातीलाच सांगणे बरे: काही मोजके अपवाद सोडले, तर लहान पैज आणि वर दर डावाची फी असे टेबल नवख्याने टाळावे. का टाळावे, आणि अपवाद कोणते, हे ज्याने त्याने स्वतः आकडे मांडून ठरवता यावे, यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट असावी. गुजरातमध्ये पैसे लावून जुगाराचा अड्डा चालवणे आणि तेथे खेळणे हा गुन्हा आहे. श्रावणात सातम-आठमला घरोघरी पत्त्यांचे डाव रंगत असले तरी कायदा त्यासाठी वेगळा होत नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा मार्गही संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बंद झाला आहे. त्यामुळे घरी जो सराव करायचा तो पैशांशिवायच करावा, आणि तो तसा उत्तम होतो.

पायरी पहिली: खेळ थोडक्यात

ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक खेळाडूचा सामना फक्त डीलरशी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याशी असतो. पानांची बेरीज २१ च्या जास्तीत जास्त जवळ न्यायची, पण २१ ओलांडायची नाही. राजा, राणी आणि गुलाम यांचे प्रत्येकी १० धरले जातात, तर एक्का आपल्या सोयीने १ किंवा ११. डीलरला स्वतःचे डोके चालवायची मुभा नसते. १७ होईपर्यंत त्याला पान घ्यावेच लागते. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले तर त्याला ब्लॅकजॅक म्हणतात, आणि चांगल्या टेबलावर त्याचे पैसे दोनास तीन या दराने मिळतात, म्हणजे ५ डॉलरवर साडेसात.

कोणत्या पानांवर थांबावे, कधी आणखी एक पान मागावे, कधी पैज दुप्पट करावी आणि कधी जोडी फोडून दोन डाव करावेत, याचा तक्ता अमेरिकी लष्करात काम करणाऱ्या चौघांनी साध्या हिशेबयंत्रांवर आकडेमोड करून १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे संगणकाने तो आणखी अचूक झाला. तो तक्ता पाळून चांगल्या नियमांच्या टेबलावर खेळल्यास कॅसिनोचा टक्का, म्हणजे पैजांतून सरासरी त्याच्याकडे जाणारा वाटा, साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो, म्हणजे १०० डॉलरच्या पैजांमागे सरासरी ५० सेंट जातात. अंदाजाने खेळणाऱ्याचे दोन-तीन डॉलरही सहज जातात. पुढचे सगळे हिशेब तक्ता पाळणारा खेळाडू गृहीत धरून केले आहेत. ज्याने तो पाठ केलेला नाही, त्याचे चित्र याहून वाईट असेल.

पायरी दुसरी: फी कुठून येते हे समजून घेणे

तीन पत्तीत डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जण बूट टाकतो. त्यामुळे दर डावाची फी म्हणजे तसलेच काहीतरी असावे असे आपल्याकडच्यांना वाटते. फरक मोठा आहे. बूट मधल्या ढिगात जातो आणि जिंकणाऱ्याच्या हाती परत येतो, म्हणजे तो खेळणाऱ्यांमध्येच फिरत राहतो. फी मात्र टेबलावरून उचलली की कायमची गेली. तुम्ही जिंका, हरा किंवा बरोबरी होवो, ती परत येत नाही.

कॅलिफोर्नियात या फीचे मूळ कायद्यात आहे. तेथील संविधान शेजारच्या नेवाडा राज्यातल्यासारखे कॅसिनो चालवायला मनाई करते, आणि मार्च २००० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या दुरुस्तीने त्यातून सूट मिळाली ती मूळनिवासी जमातींच्या कॅसिनोंना. शहरांतील पत्त्यांच्या क्लबांना, ज्यांना तेथे कार्डरूम म्हणतात, खेळाडूंविरुद्ध स्वतः पैसे लावता येत नाहीत. शिवाय तेथील दंडसंहितेच्या कलम ३३० मधील बंदी असलेल्या खेळांच्या यादीत ‘एकवीस’ हा खेळ नावानिशी आहे. म्हणून क्लबांत खेळाचे नियम थोडे बदललेले असतात, बँकेची, म्हणजे इतरांच्या पैजा फेडणाऱ्याची, जागा खेळाडूंपैकी कोणीतरी घेतो आणि क्लब केवळ जागा, डीलर व पत्ते पुरवल्याची फी घेतो. ही फी पैजेच्या किंवा जिंकलेल्या रकमेच्या टक्केवारीत घेता येत नाही. ती आधीच ठरलेली, ठोक रक्कम असावी लागते.

ही शेवटची अट नवख्याने नीट लक्षात ठेवावी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ठोक फी ५ डॉलर लावणाऱ्यालाही तेवढीच आणि ५० डॉलर लावणाऱ्यालाही तेवढीच, त्यामुळे तिचा सर्वांत जास्त भार सर्वांत लहान पैज लावणाऱ्यावर पडतो, आणि लहान पैजेचे टेबल ज्यांच्यासाठी मांडलेले दिसते तोच हा माणूस. काही टेबलांवर पैजेच्या टप्प्यांप्रमाणे फीचे दोन-तीन दर असतात, पण खालच्या टप्प्यातील माणसाची स्थिती त्याने फारशी बदलत नाही. ओक्लाहोमातील जमातींच्या कॅसिनोंतही दर डावाला ५० सेंट ‘अँटी’ म्हणून घेण्याची पद्धत बराच काळ रूढ राहिली आहे. कारण वेगळे असले तरी खेळणाऱ्याच्या खिशावरचा परिणाम तोच.

पायरी तिसरी: बसण्याआधी पाटी वाचणे आणि विचारणे

खुर्ची ओढण्यापूर्वी टेबलामागे दोन मिनिटे उभे राहावे. त्यात कोणी काही वावगे मानत नाही. ब्लॅकजॅकला दर काय मिळतो ते टेबलाच्या कापडावरच छापलेले असते. तेथे दोनास तीनऐवजी पाचास सहा असे लिहिले असेल तर एवढ्यानेच कॅसिनोचा टक्का सुमारे १.४ ने वाढतो. डीलर एक्का ११ धरून झालेल्या १७ वर आणखी पान घेत असेल, तर आणखी सुमारे ०.२ वाढतात. मग फीबद्दल डीलरला सरळ विचारावे. ती प्रत्येक डावाला आहे की पैजेच्या टप्प्याप्रमाणे बदलते? दोन जागांवर पैज लावली तर दोनदा द्यावी लागते का? जोडी फोडल्यावर किंवा पैज दुप्पट केल्यावर पुन्हा लागते का? एखाद्या टप्प्याच्या वर ती माफ आहे का? नवीन माणसाने असे प्रश्न विचारणे रोजचेच असते आणि उत्तर सौजन्याने मिळते. उत्तर नीट समजले नाही तर त्या टेबलावर बसू नये.

पायरी चौथी: फीला पैजेने भागणे

५० सेंट ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण ५ डॉलरच्या पैजेवर ती दहा टक्के आहे. तक्ता पाठ करून, नियम पारखून ज्या खेळात कॅसिनोचा टक्का अर्ध्यावर आणला, त्यात या एका नाण्याने दहा टक्के परत आणून बसवले. पत्ते मोजण्यात, म्हणजे कोणती पाने गेली याचा हिशेब ठेवण्यात, तरबेज असलेले लोकही चांगल्या परिस्थितीत फार तर टक्का-दीड टक्का आपल्या बाजूला वळवतात. दहा टक्के भरून काढणे त्यांच्याही आवाक्यात नाही.

हेच नाण्यांच्या भाषेत पाहू. डाव जिंकला तर ५ डॉलर मिळतात, पण ५० सेंट आधीच गेलेले असतात, म्हणून हाती पडतात साडेचार. हरला तर ५ डॉलर आणि फी मिळून साडेपाच जातात. बरोबरी झाली तरी अर्धा डॉलर जातोच, आणि शंभरातले आठ-नऊ डाव बरोबरीतच सुटतात. साडेचार मिळवण्यासाठी साडेपाच पणाला लावायचे, तर दुप्पट केलेले डाव आणि ब्लॅकजॅक बाजूला ठेवून, निकाल लागलेल्या शंभर डावांपैकी पंचावन्न जिंकल्याशिवाय तोंडमिळवणी होत नाही. तक्ता पाळणारा खेळाडू मात्र निकाल लागलेल्या शंभर डावांपैकी सत्तेचाळीसच्या आसपास जिंकतो.

पायरी पाचवी: तासाचा खर्च काढणे

टेबलाची खरी किंमत पाटीवरच्या किमान पैजेने कळत नाही. ती तासाला सरासरी किती जातात याने कळते. पाच-सहा माणसे बसलेल्या टेबलावर तासाला साधारण ६० ते ८० डाव होतात. आपण ७० धरू.

५ डॉलरची पैज आणि ५० सेंट फी: प्रत्येक डावाला फीचे ५० सेंट आणि खेळाच्या टक्क्याचे अडीच सेंट मिळून साडेबावन्न सेंट, म्हणजे तासाला ३६.७५ डॉलर.

१५ डॉलरची पैज, फी नाही, ब्लॅकजॅकला दोनास तीन: प्रत्येक डावाला साडेसात सेंट, म्हणजे तासाला ५.२५ डॉलर.

१५ डॉलरची पैज, फी नाही, पण पाचास सहा आणि इतर नियमही खेळाडूच्या विरुद्ध, म्हणून टक्का दोन धरला: प्रत्येक डावाला ३० सेंट, तासाला २१ डॉलर.

१० डॉलरची पैज आणि एक डॉलर फी: तासाला ७३.५० डॉलर.

‘स्वस्त’ टेबल हे तिप्पट किमान पैज असलेल्या चांगल्या टेबलापेक्षा सातपट महाग पडले. आणखी पुढे गेलो, तर फी नसलेल्या चांगल्या टेबलावर साडेबावन्न सेंट खर्च केव्हा येईल? पैज १०५ डॉलर असेल तेव्हा. पाचास सहा देणारे टेबल अनुभवी लोक वाईट मानतात आणि ते योग्यच आहे, तरी तेथेसुद्धा पैज २६ डॉलरच्या वर गेल्यावरच खर्च फीच्या पाच डॉलरी टेबलाइतका होतो. फी नसलेले टेबल जवळपास असेल, तर आधी तेथे जागा रिकामी होण्याची वाट पाहावी.

फीच्याच टेबलावर पैज वाढवली तर टक्का उतरतो, म्हणून तसे करावे, असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे आणि नवख्याला भलतीकडे नेणारा आहे. ५ ऐवजी २५ डॉलर लावले तर फीचा टक्का दहावरून दोनवर येतो हे खरे, पण डावाचा खर्च साडेबावन्न सेंटवरून साडेबासष्ट सेंटवर चढतो. टक्केवारी घटली आणि खिशातून जाणारे पैसे वाढले. ज्याला मुळातच २५ डॉलर लावायचे होते, त्याने टक्का पाहावा. ज्याची ऐपत ५ डॉलरची आहे, त्याने टक्का सुधारण्यासाठी पाचपट जोखीम घेणे मला अजिबात मान्य नाही.

पायरी सहावी: चढउतारांचा विचार

वरच्या हिशेबाची दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सरासरी म्हणजे हमी नव्हे. ७० डावांत नशिबाची झुळूक साधारण साडेनऊ पैजांइतकी इकडे किंवा तिकडे नेते, म्हणजे ५ डॉलरच्या टेबलावर ४८ डॉलरच्या आसपास आणि १५ डॉलरच्या टेबलावर १४४ डॉलरच्या आसपास. खिशात २०० डॉलर घेऊन १५ डॉलरच्या टेबलावर बसलेल्या माणसाचे सगळे पैसे एका तासातच संपण्याची शक्यता सहा-सात बैठकींत एकदा असते. चार तास तसाच बसून राहिला तर ती निम्म्याच्या घरात जाते. फीच्या टेबलावर एका तासात २०० डॉलर बुडणे जवळजवळ अशक्य आहे, आणि लहान पैजेचा हा खराखुरा फायदा आहे.

पण तो फायदा कशाच्या बदल्यात मिळतो ते पाहावे. फीच्या टेबलावर तासाभराने नफ्यात उठण्याची शक्यता शंभरात बावीसच्या जवळपास, तर फी नसलेल्या चांगल्या टेबलावर अठ्ठेचाळीसच्या. चार तासांनंतर पहिल्या टेबलावर नफ्यात असणारे शंभरात सहा-सातच उरतात, आणि सरासरी १४७ डॉलर गेलेले असतात. तेथे पैसे एकदम बुडत नाहीत, ते झिरपत जातात, आणि झिरपणे लक्षात येत नाही म्हणून माणूस अधिक वेळ बसतो. माझा सल्ला असा, की २०० डॉलर घेऊन गेलेल्याने चांगल्या टेबलावर एकच तास बसावे, आणि पैसे आधी संपले तर त्याच क्षणी उठावे. दीर्घ बैठक हवी असेल तर पैजेच्या चाळीसपट तरी रक्कम हवी. तेवढी रक्कम हरणे परवडत नसेल, तर ती बैठक आपली नव्हे.

पायरी सातवी: घरचा प्रयोग

आकडे वाचून जे पटत नाही ते हाताने केल्यावर पटते. यासाठी पत्त्यांचे दोन कॅट, ४०० राजमा आणि एक वाटी पुरते. एक राजमा म्हणजे ५० सेंट धरावा, म्हणजे ४०० राजमांचे २०० डॉलर झाले. प्रत्येक डावाला दहा राजमा पुढे मांडायचे आणि एक वाटीत टाकायचा. वाटीतला राजमा कोणत्याही परिस्थितीत परत काढायचा नाही.

दांडिया बाजारातील एका घरी हा प्रयोग जेवणाच्या टेबलावर चालला होता. नातू डीलर होता आणि अमेरिकेला निघालेली आजी समोर बसली होती. आजीच्या हातात राजा आणि छक्की, डीलरचे उघडे पान दश्शी. तक्त्याप्रमाणे १६ वर पान मागायला हवे होते. तिने मागितले आणि नेमकी पंजी आली. २१ झाले. नातवाचे २० भरले, त्याने दहा राजमा मोजून दिले आणि आजी खूश झाली. पुढच्याच डावात दोघांचेही २० झाले. कोणी कोणाला काही द्यायचे नव्हते, तरी वाटीत दाणा पडलाच होता. “अरे, बरोबरी झाली ना? मग माझा दाणा परत दे,” असे ती म्हणाली, आणि नातवाने मान हलवली. सत्तर डाव झाल्यावर वाटीतले दाणे मोजले गेले. ते अर्थात सत्तरच होते, म्हणजे ३५ डॉलर, पण दाण्यांचा तो ढीग डोळ्यांनी पाहिल्यावर फीबद्दल वेगळे काही सांगावे लागले नाही.

हा प्रयोग करताना तक्ता समोर ठेवून पाहत खेळावे. दोन-तीन संध्याकाळी असे खेळल्यावर तो बराचसा डोक्यात बसतो, आणि तक्ता हाताशी ठेवून खेळायला अमेरिकेतील बहुतेक कॅसिनोंत हरकतही घेत नाहीत.

अपवाद कोणते

फी एखाद्या टप्प्यानंतर माफ असेल आणि तो टप्पा तुमच्या ठरलेल्या पैजेच्या आत येत असेल, तर ते टेबल बिनफीचेच समजावे. टेबल गच्च भरलेले असेल, डाव सावकाश चालत असतील, आणि तुम्हाला वीस-पंचवीस डावच खेळायचे असतील, तर फीचा खर्च दहा-बारा डॉलर होतो. तेवढे मौजेपोटी देणे वाजवी आहे, फक्त ते देतो आहोत याचे भान असावे. सोबतच्या मंडळींना एकत्र बसायचे आहे आणि परिसरात दुसरे टेबलच नाही, हेही कारण मला समजू शकते. अशा वेळी डावांची संख्या आधी ठरवावी, वेळ नव्हे, कारण फी घड्याळाकडे पाहून कापली जात नाही. डीलरला टिप देण्याची तेथे पद्धत आहे. ती रक्कमही याच खर्चात धरावी. कॅलिफोर्नियाच्या क्लबांत बँकेची जागा आळीपाळीने खेळाडूंना देऊ केली जाते, ती नवख्याने नम्रपणे नाकारावी: तेथे टेबलावरच्या इतरांच्या पैजा आपल्या पैशांतून फेडाव्या लागतात.

जिंकलेल्या पैशांवरचा कर थोडक्यात सांगतो. परदेशी पाहुण्याच्या ब्लॅकजॅकमधील जिंकलेल्या रकमेवर अमेरिका साधारणपणे कर कापत नाही. भारतात राहणाऱ्याला मात्र ते उत्पन्न येथे दाखवावे लागते, त्यावर ३० टक्के दराने कर आणि वर उपकर लागतो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी

बडोद्याहून अमेरिकेपेक्षा गोवा जवळ, म्हणून हा हिशेब मांडवी नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंनाही लावून पाहावा. तेथे दर डावाची फी दिसली नाही तरी चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, विकत घेतानाचा जीएसटी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो चिप्ससाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. जिंकलेल्या पैशांतून पुढे खेळल्यास तो पुन्हा लागत नाही, पण न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी भरलेला कर परत येत नाही. म्हणून काउंटरवर एकच प्रश्न विचारावा: दहा हजार रुपये दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स येतील? कर वेगळा घेतला जात असेल तर दहा हजारांच्या चिप्सना चौदा हजार मोजावे लागतील, आणि त्यावर ५०० रुपयांचे शंभर डाव खेळलात तर प्रत्येक डावाला ४० रुपये, म्हणजे पैजेच्या आठ टक्के फी दिल्यासारखे झाले. दर डावाच्या फीपेक्षा येथे उलटे आहे, जितके डाव जास्त तितका हा भार पातळ होतो, त्यामुळे चिप्स एकदाच आणि कमी घ्याव्यात, संपल्यावर पुन्हा काउंटरकडे जाऊ नये, आणि पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा येईल असे वाटत असेल तर त्या घेऊच नयेत.